अकराच्या आतली सुपारी

माझे हात सकाळी अकरा वाजता उघडतात.

त्याच्या आधी दारात कोणी आलं तर त्याला मुठीचाच रामराम मिळतो. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा मारायला उठला. (काही जणांच्या बाबतीत ते खरंही असतं.) अकरानंतर बोटं एकेक करून सैल होतात, दुपारी चार घास स्वतःच्या हाताने खाता येतात, आणि दिवस मावळला की पुन्हा दुकान बंद. हे लिहितोय तेसुद्धा दुपारचंच, पेनाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यामुळे अक्षर आधीच वाकडं होतं. आता बोटं त्याला शोभतात.

बिमारीचं नाव संधिवात. पण पारावर गुडघे धरून बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा असतो तो नव्हे. हा वेगळा, लय खोडीचा. परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी, माझ्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील, मला समोर बसवून समजावून सांगितलं.

"आजोबा, आपल्या शरीरात एक फौज असते. बाहेरून रोग आला की ती लढते. तुमची फौज चुकून तुमच्याच सांध्यांवर तुटून पडली आहे."

"म्हंजे भावकी," मी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"आपलीच मानसं, आपल्याच बांधावर, आपल्यालाच मारायलीत."

"हो," त्या म्हणाल्या. "तसंच समजा."

"मग बरं कधी व्हनार?"

"पूर्ण बरं होत नाही. दाबून ठेवायचं."

भावकीचं इतकं नेमकं वर्णन मी तहसीलीतसुद्धा ऐकलं नव्हतं.

दाबून ठेवायला बाईंनी एक गोळी दिली. ती रोज घ्यायची नाही, आठवड्यातून एकदाच, रविवारी. रोज घेतली तर माणूस जातो, हे त्यांनी माझ्याकडून शाळेतल्या पोरासारखं म्हणून घेतलं. गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी. पण सोमवारी तिचा हिसका असा, की फोडणीच्या वासाने पोट ढवळून येतं. म्हणून मी सोमवारी जेवत नाही. झालं, गावात बोभाटा, की म्हाताऱ्याने महादेवाचे सोमवार धरले. आयुष्यभर देवळाकडे पाठ करून बसलेला माणूस शेवटी वळला, म्हणून दोन बायका येऊन माझ्या पाया पडून गेल्या. मीही आशीर्वाद दिला. मुठीनेच.

बाकी रोजचं जगणं कसं बदललं ते काय सांगू. ज्या हातांनी बैल नाथले त्या हातांनी आता सदऱ्याची गुंडी लागत नाही. तंबाखू मळायला अंगठा फिरत नाही, म्हणून म्हातारीला मळायला सांगतो. ती माझं नाक चोळावं तशी चोळते आणि निम्मी खाली सांडते. चहा कपातून गेला आणि वाटीत आला, कारण वाटी दोन्ही तळहातांत धरता येते. आणि धोतर! साठ वर्षं नेसलेलं धोतर सुटलं, कारण काष्टा खोचायला बोटं लागतात. पोराने, म्हणजे बालाजीने, परभणीहून लेंगा आणला. इलास्टिकचा.

"हे लेकरांचं हाय," मी म्हणालो.

"आबा, लेकरांच्या मापात तुमी बसता का? मोठ्या मानसाचाच हाय."

"मोठ्या मानसाला नाडी असती."

"बांधतंय कोन?"

मी त्याला बाहेर जायला सांगितलं. लेंगा घातला. घालताना वाटलं, ह्याच्यापेक्षा मेलेलं बरं. घातल्यावर वाटलं, लय सोयीचा आहे. पण हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

आता केरबाची ओळख करून देतो. केरबा माझा सख्खा धाकटा भाऊ. आमच्या दोघांच्या वावरात एक बांध आहे आणि बांधावर एक बाभूळ. बाभूळ माझी आहे. केरबा म्हणतो त्याची आहे. एवढ्यावरून आमचं बोलणं बंद झालं त्याला आता पोरांची लग्नं होऊन गेली. पण शेजारी शेजारी घरं, बोलल्याशिवाय चालत नाही. म्हणून केरबा माझ्या म्हशीशी बोलतो. "म्हशे, तुझ्या मालकाला सांग, त्याचं पानी माझ्या वावरात घुसायलंय." मीही म्हशीलाच सांगतो, "म्हशे, त्याला म्हनावं, पान्याला कळतंय कोनाचं वावर हलकं हाय ते." म्हैस दोघांचंही ऐकून घेते. आमच्या घरात तेवढी एकच समजूतदार.

तर गोष्ट अशी झाली, की माझ्या नातीला, कोमलला, पाथरीचं स्थळ आलं. मुलगा बियाण्याच्या दुकानात कामाला, बोलायला नीट, दिसायला बरा. पोरीला पसंत. तिने तोंडाने सांगितलं नाही, पण मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा पहिला कप सोडून सगळे कप सांडले आणि पहिला कप त्याच्यापुढे होता. मला तेवढं कळतं.

पाहुण्यांत मुख्य माणूस मुलाचे आजोबा, सोपानराव. पांढरं धोतर, करकरीत फेटा, मिशीला पीळ. मी लेंग्यावर बसलेला. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "घरात काई दुखनं-खुपनं?"

"आमच्या खानदानात दुखनं न्हाई," मी म्हणालो. "माझा बाप गेला तवा तोंडात सगळे दात व्हते."

माजघरातून म्हातारी खोकली. तिला खोकला नव्हता.

दुपार टळलेली, हात चांगले उघडलेले. माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, मी पानाच्या डब्यातून अडकित्ता उचलला, अख्खी सुपारी धरली आणि सोपानरावांच्या नाकासमोर कट् करून फोडली. नंतर कोपरापर्यंत कळ गेली, पण मी हसत होतो.

"वा," सोपानराव म्हणाले. "ह्या वयात एवढी पकड. सुपारी तुमच्याच हातची फुटनार मग."

आता ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे लग्न ठरतं ते सुपारी फुटली की. मुलीच्या घरातला सगळ्यात वडील पुरुष चारचौघांत अडकित्त्याने सुपारी फोडतो, तुकडे दोन्हीकडच्यांच्या हातात जातात, की मुलगी त्या घरची झाली. मग मागे फिरायचं नाही. फोडणाऱ्याला मान. वडील माणूस नसला किंवा लुळा-पांगळा असला तर मान त्याच्या पाठच्या भावाकडे जातो.

माझ्या पाठी केरबा.

पाहुणे गेले तशी म्हातारी म्हणाली, "अवो, सांगून टाका की त्यान्ला. हात दुखत्यात म्हनावं. चोरी केली का?"

"सुपारी मी फोडनार."

"सकाळचा टाइम आला तर? केरबा भावजी फोडतील की. परके हायत का?"

हे तिने बोलायला नको होतं. त्याआधी मी एखाद्या वेळी विचार तरी केला असता.

दोन दिवसांनी सोपानरावांचा फोन आला. बालाजीने फोनचा आवाज मोठा करून मधे धरला.

"ह्यो सोडून फुडच्या सोमवारी सकाळी नवाला उरकू," सोपानराव म्हणाले. "आमाला तितून फुडं जायचंय."

"सोमवारी नवाला राहुकाळ हाय," मी म्हणालो.

"सोमवारचा राहुकाळ नवाला संपतो."

"आमच्याकडं जरा उशिरा संपतो."

"परभणी तालुक्यात येगळा असतो का?"

"पेडगावच्या फुडं येगळा."

बालाजीने फोन ओढला आणि बाहेर जाऊन दहा वाजता ठरवून आला. दहा. म्हणजे दुकान उघडायच्या आधी तासभर.

त्यात पुन्हा वार सोमवार. रविवारची गोळी घेतली तर सोमवारी पाहुण्यांच्या पंगतीत शिऱ्याच्या वासाने माझं काय होणार ते मला माहीत होतं. खानदानात दुखणं नाही म्हणणारा माणूस ताटावरून उठून उकिरड्याकडे पळाला तर काय इज्जत राहणार? म्हणून मी ठरवलं, त्या रविवारी गोळी नाही. आणि एकदम नको, अंगाला सवय व्हावी म्हणून आधीच्या रविवारीही नाही. कोमल पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन यायची.

"आबा, आज रविवार."

"ठावं हाय."

"घ्या माझ्यासमोर."

मी गोळी गालात धरायचो, पाणी प्यायचो, तोंड उघडून दाखवायचो आणि ती वळली की गोळी बंडीच्या खिशात. ह्या वयात माणसाला सख्ख्या नातीसमोर गालफडात माल लपवावा लागतो. डॉक्टरीणबाईंनी एवढी एकच गोष्ट सांगितली नव्हती, की गोळी चुकवली तर भावकी दुप्पट जोराने येते. (कोमल म्हणते सांगितलं होतं. तेव्हा मी बहुतेक भिंतीवरचं पोस्टर बघत होतो.)

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी हात बघितले. अकरा होऊन गेले, जेवणं झाली, सावल्या पलीकडे गेल्या, दुकान उघडलंच नाही. बोटांचे सांधे भिजलेल्या हरभऱ्यासारखे टम्म. अडकित्ता धरला तर हातातून गळून पायावर पडला.

दुसरा कोणी असता तर हरला असता. मी बाजेखाली बघितलं आणि मला युक्ती सुचली.

घरात कोणी नव्हतं. मी खांद्याने बाज उचलली, तिच्या एका खुराखाली अडकित्ता सरकवला, अडकित्त्याच्या तोंडात पायाच्या अंगठ्याने सुपारी लोटली आणि बाजेवर धपकन बसलो. पहिल्या बसण्याला सुपारी उडून कोंबडीला लागली. दुसऱ्याला अडकित्ता निसटला. तिसऱ्याला मात्र कट् आवाज आला, आणि बघतो तर सुपारीचे दोन फाके, मधोमध, सुतारानेही कापले नसते असे. मग बाभळीचा डिंक घेतला, बांधावरच्याच, माझ्याच बाभळीचा, आणि दोन्ही फाके तळहातांच्या मधे दाबून एक केले. माझ्या अंगातला एक सांधा धड नव्हता, पण सुपारीचा सांधा असा बसला की मलाच शोधावा लागला. उद्या अडकित्ता नुसता टेकवायचा, डिंक सुटणार, सुपारी दोन. मी म्हातारीला एवढंच म्हणालो, "ताटात ही सुपारी ठेव. आन् वरून कुंकू चांगलं ओलं करून थाप, सगळीकडून."

"येवढं कामून?"

"शुभ असतंय."

तिने माझ्याकडे बघितलं. साठ वर्षांच्या संसारात मी शुभ हा शब्द पहिल्यांदा काढला होता.

सोमवारी पाहुणे वेळेवर आले. (पाथरीचे लोक उशिरा येतात असं ऐकून होतो. ऐकीव गोष्टीवर माणसाने विसंबू नये.) बैठकीत सतरंजी अंथरली, भावकी जमली, खांबाला टेकून केरबाही बसला, कारण सुपारीला भाऊ नसला तर लोक विचारतात. मुलगा नवीन शर्टात. त्याच्या मागे त्याची आत्या, हातात मोबाइल, सगळ्याचे फोटो काढायला. मी दोन्ही हात उपरण्याखाली घेऊन बसलो, थंडी वाजल्यासारखा. महिना वैशाखाचा.

ताट मधे आलं, पाहुण्यांनी त्यात मानाचा नारळ ठेवला. माझी सुपारी कुंकवात अशी बुडाली होती की शेंदरी गोटाच दिसत होता. मी मनातल्या मनात मोजमाप केलं: अडकित्ता तळहाताने धरायचा, टेकवायचा, झालं.

तेवढ्यात सोपानरावांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि त्यातून बोराएवढी, टणक, काळसर सुपारी काढून माझ्यापुढे ठेवली.

"आमच्याकडं बदलून फोडायची रीत हाय," ते म्हणाले. "आमची तुमी फोडा, तुमची आमी."

मी म्हणालो, "आमच्याकडं तशी रीत न्हाई."

"आता सोयरे झालो. तुमची आमची एकच रीत."

एवढं म्हणून त्यांनी हौसेने हात पुढे केला आणि चिमटीत माझी सुपारी उचलली. आता बाभळीच्या डिंकाला पाणी लागलं की तो विरघळतो, हे लहान लेकरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण ओलं कुंकू म्हणजे पाणी, हे त्या क्षणापर्यंत डोक्यात आलं नव्हतं. सोपानरावांनी अजून अडकित्ता उचललाही नव्हता. चिमटीत सुपारीचे दोन फाके झाले. एक त्यांच्या बोटांत राहिला, दुसरा ताटात पडून गरगर फिरला आणि माझ्याकडे तोंड करून थांबला.

खांबाला टेकलेला केरबा सरळ होऊन बसला.

आत्याबाईंनी वाकून फाका बघितला. "आवं, ही तर आदीच फुटलेली हाय. चिकटवलीया."

बाहेरगावच्या वाचकाला वाटेल, एका सुपारीचं काय एवढं. पण आमच्याकडे फुटलेली सुपारी ताटात ठेवणं म्हणजे एकच अर्थ निघतो: ह्या मुलीची सुपारी आधी कुठेतरी फुटली, मोडली, आणि आता जोडून आपल्या गळ्यात मारायला निघालेत. आत्याबाई तेच हळू आवाजात शेजारणीला म्हणाल्या. हळू म्हणजे वेशीपर्यंत ऐकू जाईल एवढं हळू. मुलाने मान खाली घातली. दाराआड कोमल उभी होती. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"आबा, हे काय?" बालाजी म्हणाला.

"सुपारी वाळून फुटली," मी म्हणालो. "ऊन काय कमी हाय का?"

सोपानरावांनी फाक्यावर बोट फिरवलं. "वाळल्या सुपारीला डिंक येतो का?"

"येतो. बाभळीशेजारी वाढली असंल."

केरबा खांबाकडे वळला. "खांबा," तो म्हणाला, "आपल्या भागात सुपारीचं झाड कधीपासून यायलंय, जरा इचार बरं."

दोघं-तिघं हसले, पण सोपानराव हसले नाहीत. त्यांनी फेटा सारखा केला. आमच्याकडे बैठकीत माणसाने फेटा सारखा केला की पुढे चपला शोधतो. आत्याबाईंनी मोबाइल पिशवीत टाकला. मी अजून एक कारण शोधत होतो (बाजारातली सुपारीच हल्ली जोडून येते, असं काहीतरी), तेवढ्यात कोमल सरळ बैठकीत आली. नव्या साडीत, सगळ्या पुरुषांसमोर. माझ्यापुढे बसली.

"आबा, हात दाखवा."

"आत जा."

"हात दाखवा म्हनायलेय."

"चार मानसांत..."

"बरं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "मग मी त्यान्ला नारळ परत देते. तुमचे हात झाकलेले ऱ्हाऊ द्या."

आणि खरंच तिने ताटातल्या नारळाला हात घातला. पोरगी माझ्यावर गेली आहे, ती देणार हे मला माहीत होतं. माझ्याकडे माझी इज्जत होती आणि समोर तिचा नारळ. केरबा बघत होता. तो नसता तर काम सोपं होतं.

मी उपरणं बाजूला केलं.

"हे बघा," मी म्हणालो. "उघडत न्हाईत. अकरा वाजेस्तोर कंदीच उघडत न्हाईत आन् आज तर उघडायचेच न्हाईत. त्या दिवशी मी खोटं बोललो. ही बिमारी हाय, दवा चालू हाय. काल सुपारी मीच फोडली आन् मीच चिकटवली. पोरीची सुपारी कुटंच फुटलेली न्हाई."

सोपानराव माझ्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या हातांनी तर अडकित्ता धरवत नसंल. मग फोडली कशी?"

"अडकित्ता बाजंखाली ठिवला."

"आन्?"

"आन् बसलो."

सोपानरावांच्या चिमटीत तो फाका अजून होता. त्यांनी तो सावकाश ताटात ठेवला, आणि बोटं धोतराला पुसली.

मग जे हसू फुटलं, त्याने सतरंजीवरची धूळ उडाली. मुलगा हसला, बालाजी हसला, माजघरातली माझी म्हातारी तर पदर तोंडात कोंबूनही ऐकू येत होती. मी हसलो नाही. माझ्या मते योजनेत काही खोट नव्हती, डिंकात होती.

आत्याबाईंनी तेवढ्यात विचारलं, "लागट तर न्हाई ना हो हे?"

"लागट असतं," मी म्हणालो, "तर आदी केरबाला लावलं असतं. घासून घासून."

कोमलने मग नीट सांगितलं, की हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, दर महिन्याला रक्त तपासतात, आणि कोणाला शंका असेल तर परभणीला डॉक्टरांना विचारावं. सांगता सांगता तिची नजर माझ्या बंडीवर गेली. सोमवार असून मी शिऱ्याच्या वासाला ताजातवाना कसा, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिने सरळ माझ्या खिशात हात घालून दोन रविवार बाहेर काढले आणि ताटात, नारळाशेजारी ठेवले. पाहुण्यांनी तेही बघितलं. त्या दिवशी माझ्याकडे झाकायला नुसता इलास्टिकचा लेंगा उरला.

"मग आता," सोपानराव डोळे पुसत म्हणाले, "आमची सुपारी फोडनार कोन?"

सगळ्यांनी केरबाकडे बघितलं.

मी ताटाकडे बघितलं. साठ वर्षं ह्या घरातली प्रत्येक सुपारी माझ्या नाहीतर माझ्या बापाच्या हातची फुटली. आता माझ्या नातीची ह्याच्या हातची फुटणार, आणि हा पुढे मरेपर्यंत माझ्या म्हशीला ते ऐकवणार. केरबा उठला, माझ्याशेजारी येऊन बसला. त्याच्या अंगाला अजून आमच्या बापासारखाच वास येतो, तंबाखू आणि कडब्याचा. त्याने ती काळी सुपारी अडकित्त्यात बसवली. मग खांबाकडे तोंड करून म्हणाला, "खांबा, त्याला म्हनावं, धर. नुसता धर. मान त्याचाच हाय, मला नगं."

मी वाकड्या बोटांत अडकित्ता अडकवला. त्यावर केरबाने आपली मूठ ठेवली.

आणि आवळली.

आता मला सांगा, सुपारी फोडायला एवढा जोर लागतो का? बाभळीच्या प्रत्येक फांदीची आठवण त्या मुठीत होती. प्रत्येक सांध्यातून वीज निघून टाळूत गेली. सुपारी तर पहिल्याच दाबाला फुटली होती, मी आवाज ऐकला, पण केरबाने मूठ सोडली नाही. कदाचित त्याला ऐकू आलं नसेल. (त्याला चांगलं ऐकू येतं.) माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते बघून बालाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. सोपानराव म्हणाले, "नातीची माया, दुसरं काय." म्हातारी दारातून म्हणाली, "न्हाई हो, भावाची माया. इतक्या वर्सांनी हात धरला." आत्याबाईंनी पिशवीतून मोबाइल काढून फोटो घेतला. मी काय बोलणार? तोंड उघडलं असतं तर त्यातून जे निघालं असतं त्याने ते लग्नही मोडलं असतं आणि पुढची चार.

सुपारी वाटली गेली. पोरीने पाहुण्यांच्या पाया पडताना मुलाकडे बघितलं, मुलाने तिच्याकडे. शिरा झाला. मी दोनदा घेतला, कारण तोंडात शिरा असला की बोंबलता येत नाही.

तो फोटो आता मोठा करून बैठकीत लावलाय. दोन भाऊ, एक अडकित्ता, एकाच्या डोळ्यांत पाणी. आलेला-गेलेला माणूस बघतो आणि भारावतो. केरबा तेव्हापासून म्हशीशी बोलायचा बंद झाला. आता तो सरळ मलाच शिव्या देतो. म्हशीला तेवढाच आराम.

पुढच्या खेपेला कोमलने मला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, बाजेसकट. बाई मला लय बोलल्या. मी पोस्टर बघितलं नाही, सगळं ऐकून घेतलं. आता रविवारची गोळी कोमल स्वतः जिभेवर ठेवते आणि मी गिळून तिच्याशी बोलेपर्यंत हलत नाही. लग्न होऊन ती गेली की काय होणार, असा विचार मी केला होता. तिने केरबाला ते काम सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "हाव, बघतो की मी." एवढा खुश तो बाभूळ त्याच्या नावावर झाली असती तरी झाला नसता.

गेल्या आठवड्यात सोपानराव लग्नाचा मुहूर्त काढायला आले. पंचांगवाल्याने सकाळचा चांगला मुहूर्त सांगितला. सोपानराव म्हणाले, "न्हाई, दुपारचाच काढा. पोरीच्या आज्ज्याला अक्षता टाकायच्यात, त्यांचे हात अकराला उघडतात." पंचांगवाला काही न विचारता पुढचं पान उलटायला लागला. त्यालाही ठाऊक होतं. सगळ्या पाथरीला माझ्या हातांची वेळ आता यष्टीसारखी पाठ आहे. फरक एवढाच, की यष्टी कधीकधीच वेळेवर येते.